स्कॉलरशिप म्हणजे पैसे की विद्वत्ता? शब्द ओळखायचा कसा आणि वापरायचा कसा

मी भाषांतराची कामं करते, आणि अगदी सुरुवातीच्या दिवसांत एका लेखात "फेमिनिस्ट स्कॉलरशिप" असं आलं होतं तर मी बिनधास्त "स्त्रीवादी शिष्यवृत्ती" लिहून मोकळी झाले. पुढचं वाक्य होतं की या स्कॉलरशिपमुळे इतिहासाकडे बघायची नजरच बदलली, तरी मला काही खटकलं नाही, मनात म्हटलं असेल कुठली तरी मोठी योजना, मुलींना पैसे मिळत असतील. संपादकांनी कागद परत पाठवला त्यात समासात दोनच शब्द होते, "रक्कम किती?"

तेव्हापासून हा शब्द दिसला की मी दोन मिनिटं थांबते. आणि थांबून काय बघायचं ते आता सवयीने कळतं, तेच इथे लिहितेय, कारण फॉर्म भरणारे, परदेशी विद्यापीठांच्या साइट वाचणारे, इंग्रजीतून मराठीत काही आणणारे, सगळेच कधी ना कधी यात अडकतात. मशीन भाषांतर तर अजूनही कधी कधी "अलीकडील शिष्यवृत्ती असे सूचित करते" असलं काहीतरी काढून देतं.

तर मुद्दा असा की इंग्रजीत स्कॉलरशिप हा एकच शब्द दोन कामं करतो. एक काम आपल्याला सगळ्यांना माहीत आहे, शिकण्यासाठी मिळणारा पैसा, जो परत करायचा नसतो. दुसरं काम म्हणजे विद्वत्ता, व्यासंग, अभ्यासकांनी एखाद्या विषयावर केलेलं काम. आपण मराठीत बोलताना स्कॉलरशिप म्हणतो तेव्हा फक्त पहिला अर्थ घेतो, दुसरा घेतच नाही, म्हणून इंग्रजी वाचताना डोक्यात आपोआप पैशाचाच दिवा लागतो. गडबड सगळी तिथून सुरू होते.

आधी "एक" लावून बघा

सगळ्यात सोपी खूण व्याकरणात आहे. पैशाची स्कॉलरशिप मोजता येते, म्हणून इंग्रजीत तिच्या आधी "अ" येतो नाहीतर मागे "स" लागतो: अ स्कॉलरशिप, टू स्कॉलरशिप्स, सेव्हरल स्कॉलरशिप्स. विद्वत्तेची स्कॉलरशिप मोजता येत नाही. आपण "दोन विद्वत्ता" किंवा "तीन व्यासंग" म्हणत नाही ना, तसंच. म्हणून "रिसेंट स्कॉलरशिप सजेस्ट्स" असं दिसलं, आधी "अ" नाही, मागे "स" नाही, तर तिथे पैसे नाहीत, तिथे "अलीकडच्या अभ्यासकांचं म्हणणं असं आहे" एवढंच म्हणायचंय.

पण एवढ्यावर विसंबून राहू नका, कारण काही ठिकाणी "अ" नसतानाही पैसाच असतो. स्कॉलरशिप हा शब्द दुसऱ्या शब्दाला चिकटून आला की, म्हणजे स्कॉलरशिप फंड, स्कॉलरशिप फॉर्म, स्कॉलरशिप स्टुडंट, तेव्हा बहुतेक वेळा पैसाच. आणि "ऑन स्कॉलरशिप" हा एक खास प्रकार, "शी इज स्टडींग ऑन स्कॉलरशिप" म्हणजे ती स्कॉलरशिपवर शिकतेय. आता गंमत बघा, हेच "ऑन" मागे गेलं की अर्थ उलटा होतो. "स्कॉलरशिप ऑन शेक्सपिअर" म्हणजे शेक्सपिअरच्या नावाने मिळणारे पैसे नाहीत, शेक्सपिअरवर लोकांनी जे लिहून ठेवलंय, संपादनं केलीत, टीका केलीय ते सगळं. ऑन आधी असेल तर खिशाकडे बघा आणि नंतर असेल तर कपाटाकडे, मी असंच लक्षात ठेवलंय.

यातून भागलं नाही तर क्रियापद बघा. स्कॉलरशिप जिंकली, दिली, मिळाली, रिन्यू झाली, बंद झाली, तिच्यासाठी अर्ज केला, अशी क्रियापदं असतील तर पैसा. स्कॉलरशिप काही दाखवते, सुचवते, आव्हान देते, जुनं मत खोडून काढते, अशी कर्तबगार असेल तर ते अभ्यासकांचं काम, पैसे स्वतःहून काही सुचवत नाहीत. विशेषणंही तशीच फुटतात. फुल, पार्शल, अ‍ॅन्युअल, मेरिट, अ‍ॅथलेटिक ही पैशाच्या बाजूची, केअरफुल, साउंड, रिगरस, ओरिजिनल ही विद्वत्तेच्या बाजूची. मधे काही अशी आहेत की दोन्हीकडे चालतात, लीगल स्कॉलरशिप, म्युझिक स्कॉलरशिप वगैरे. "अ म्युझिक स्कॉलरशिप" म्हणजे संगीत शिकायला मिळालेली मदत आणि नुसतं "म्युझिक स्कॉलरशिप" म्हणजे बहुधा संगीतावरचा अभ्यास, तिथे पुन्हा त्या एका "अ" वर सगळं येऊन ठेपतं. शीर्षकांमध्ये तर इंग्रजीवाले "अ" खाऊनच टाकतात, मग आतला मजकूर वाचल्याशिवाय इलाज नाही.

एकाच शब्दात दोन अर्थ आले कुठून

हे कळलं की शब्द कायमचा डोक्यात बसतो म्हणून थोडं खोलात जाते. स्कूल, स्कॉलर, स्कॉलरशिप या सगळ्यांच्या मुळाशी ग्रीक शब्द आहे स्खोले, आणि त्याचा अर्थ होता फुरसत. हो, फुरसत! कामधंद्यातून मोकळा असलेला वेळ, मग त्या मोकळ्या वेळात होणारी चर्चा, मग चर्चा जिथे होते ती जागा, असं करत करत लॅटिनमध्ये स्खोला म्हणजे शाळा झाली. शाळेत जाणाऱ्या पोरांना हे सांगून बघा, विश्वास ठेवणार नाहीत.

मागचं "शिप" म्हणजे जहाज नव्हे. ते फ्रेंडशिप, मेंबरशिप मधलं शिप, अवस्था किंवा पद दाखवणारा जुना इंग्रजी प्रत्यय. (जहाजाचा विनोद मात्र कोणीतरी खरा करून दाखवलाय, 2007 साली "द स्कॉलर शिप" नावाचा कार्यक्रम निघाला होता, खऱ्याखुऱ्या जहाजावर विद्यापीठ. फार चालला नाही.) म्हणजे स्कॉलरशिपचा शब्दशः अर्थ "स्कॉलर असणं", बस. मित्र असणं ती फ्रेंडशिप, स्कॉलर असणं ती स्कॉलरशिप.

मग यात पैसा कुठून घुसला? इंग्लंडच्या जुन्या कॉलेजांमध्ये स्कॉलर हे एक पद होतं. कॉलेजच्या स्थापनेच्या वेळी दात्याने ठेवलेल्या मालमत्तेतून ज्यांचा राहण्याजेवणाचा खर्च चालायचा ते त्या कॉलेजचे स्कॉलर. म्हणजे स्कॉलरशिप ही जागा होती, आणि जागेसोबत खोली, जेवण, थोडे पैसे यायचे. हळूहळू जागा मागे पडली आणि सोबत येणाऱ्या पैशालाच ते नाव चिकटलं. इंग्रजीत 16 व्या शतकातच दोन्ही अर्थ रुळायला लागलेले दिसतात, त्यामुळे यातला एक खरा आणि दुसरा नंतर घुसलेला असं काही म्हणता येत नाही. ऑक्सफर्डमध्ये तर तो जुना थाट अजून आहे, तिथे स्कॉलर विद्यार्थ्यांचा गाऊन लांब असतो आणि बाकीचे ते "कॉमनर", त्यांचा आखूड. केंब्रिजमध्ये ज्यांना असं काही मिळालेलं नाही त्यांना "पेन्शनर" म्हणतात, आणि ती पोरं विशीतली असतात. या दोन्हीकडे "एक्झिबिशन" हाही एक प्रकार आहे, स्कॉलरशिपहून जरा लहान बक्षीस. म्हणजे कुणाच्या चरित्रात "ही वॉन अ‍ॅन एक्झिबिशन टू ऑक्सफर्ड" असं वाचलंत तर त्याने चित्रांचं प्रदर्शन जिंकलेलं नसतं. हे मी एका छापील मराठी पुस्तकात प्रदर्शन म्हणून वाचलंय, नाव सांगत नाही.

अमेरिकेतली जुनी गोष्टही अशीच, 1643 मध्ये लेडी अ‍ॅन मोलसन नावाच्या बाईंनी हार्वर्डला 100 पौंड दिले, गरजू विद्यार्थ्याचा खर्च चालावा म्हणून, आणि हार्वर्डची पहिली स्कॉलरशिप ती मानली जाते.

आणि आता आपला शब्द बघा, शिष्यवृत्ती. यातली वृत्ती म्हणजे उपजीविका, चरितार्थाचं साधन, जुन्या कागदपत्रांतून वृत्ती याच अर्थाने येते. पण वृत्ती म्हणजे स्वभाव, मनाचा कल असंही आहेच की, वैराग्यवृत्ती, चौकस वृत्ती. म्हणजे शब्दशः बघितलं तर शिष्यवृत्तीचा अर्थ "शिष्याचा चरितार्थ" होतो तसाच "शिष्याची मनोवृत्ती" पण होऊ शकला असता. इंग्रजीतला स्कॉलरशिप दोन पायांवर उभा राहिला, आपला शब्द मात्र एकाच पायावर उभा राहिला. मला तरी हे जरा चुटपुट लावणारं वाटतं पण असो, भाषेत आता जो अर्थ ठरलाय तो ठरलाय, कुणी शिष्यवृत्तीला विद्वत्तेच्या अर्थाने वापरायला जाऊ नका, लोक पैसेच समजतील.

दुसऱ्या अर्थाला मराठीत काय म्हणायचं

इथे एकच शब्द पाठ करून चालत नाही, आणि मला वाटतं खरी मेहनत इथेच आहे. कुणा एका माणसाबद्दल बोलताय, त्याच्या ज्ञानाची खोली सांगायचीय, तर विद्वत्ता किंवा व्यासंग. मला स्वतःला व्यासंग जास्त आवडतो कारण त्यात वर्षानुवर्षं चिकटून राहिल्याची भावना आहे, विद्वत्ता नुसती असते पण व्यासंग करावा लागतो. पांडित्य हा शब्द जपून वापरा, त्याला आता थोडा वास लागलाय, पांडित्य पाजळणे, पढतपंडित वगैरेमुळे, म्हणजे कौतुक करायला जाल आणि टोमणा बसेल.

एखाद्या विषयावरचं एकूण काम म्हणायचं असेल तर नुसतं "अभ्यास", "संशोधन" किंवा सरळ "अभ्यासकांचं लेखन". माझ्या त्या फेमिनिस्ट स्कॉलरशिपचं शेवटी "स्त्रीवादी अभ्यासकांनी केलेलं लेखन" झालं. लांब आहे, पण कळतं. बिब्लिकल स्कॉलरशिप म्हणजे बायबलचा चिकित्सक अभ्यास. आणि कामाचा दर्जा सांगायचा असेल, "धिस बुक लॅक्स स्कॉलरशिप" असं काही, तर तिथे विद्वत्ता लिहिलं तर लेखकाला मूर्ख म्हटल्यासारखं होतं, खरं म्हणणं असं असतं की पुस्तकात संदर्भ नीट तपासलेले नाहीत, आधीच्यांनी काय म्हटलंय ते बघितलेलं नाही. तिथे "अभ्यासाची शिस्त नाही" हे बरोबर बसतं. उलट चांगलं म्हणायचं असेल तर आपल्याकडे "साक्षेपी" हा अगदी नेमका शब्द आहे, साक्षेपी संपादन, साक्षेपी ग्रंथ, आणि तो आपण विसरत चाललोय.

मग संशोधन आणि स्कॉलरशिप एकच का, असं कुणी विचारेल. नाही. संशोधन म्हणजे काहीतरी नवीन शोधणं. स्कॉलरशिप त्याहून ऐसपैस आहे, त्यात जुन्या हस्तलिखितांच्या प्रती शेजारी ठेवून मूळ पाठ ठरवणं येतं, कोश करणं येतं, टीपांसह केलेलं भाषांतर येतं, दहा जणांचं विखुरलेलं काम एकत्र करून त्याचा अर्थ लावणं येतं. कोशकार नवा शोध लावत नाही, पण त्याचं काम स्कॉलरशिपच.

यावर एक नाव सांगायलाच हवं, अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ अर्नेस्ट बॉयर. अमेरिकेत कार्नेगी फाउंडेशनसाठी त्यांनी 1990 मध्ये एक अहवाल लिहिला, विषयच हा की विद्यापीठात स्कॉलरशिप कशाला म्हणायचं. त्यांचं म्हणणं होतं की नुसते शोधनिबंध छापणं म्हणजेच स्कॉलरशिप असं धरून आपण बाकी सगळ्याला कमी लेखतोय, आणि त्यांनी चार प्रकार मांडले: शोधाची, जोडणीची म्हणजे वेगवेगळ्या विषयांतलं ज्ञान एकत्र आणण्याची, ते प्रत्यक्ष प्रश्नांना लावून बघण्याची, आणि शिकवण्याची. त्यामुळे आता "स्कॉलरशिप ऑफ टीचिंग" असं जे सतत वाचायला मिळतं त्याचा शिक्षकांना मिळणाऱ्या पैशांशी काही संबंध नाही. आपण कसं शिकवतो याचाच पद्धतशीर अभ्यास करायचा आणि तो इतरांना तपासायला खुला करायचा, हा त्याचा अर्थ.

हे नुसतं शब्दांचं कौतुक म्हणून सांगत नाहीये, यात माणसं खरोखर फसतात. माझ्या एका मैत्रिणीने बाहेरच्या विद्यापीठात प्राध्यापकाच्या जागेसाठी अर्ज केला होता, फॉर्ममध्ये तीन रकाने होते, टीचिंग, स्कॉलरशिप आणि सर्व्हिस. अमेरिकेत प्राध्यापकांचं काम याच तीन मापांत मोजतात. तिने दुसऱ्या रकान्यात इमानदारीत शाळेपासून मिळालेल्या सगळ्या शिष्यवृत्त्या लिहिल्या, वर्ष आणि रकमेसकट, आणि आपले सात छापील निबंध "इतर माहिती" मध्ये टाकले! तिकडून काही उत्तर आलं नाही, आणि का आलं नाही हे तिला दोन वर्षांनी कुणीतरी सांगितलं. तर असा रकाना दिसला की तिथे प्रकाशनं लिहायची, निबंध, पुस्तकं, संपादनं, परिषदेत वाचलेले पेपर. मिळालेले पैसे "अवॉर्ड्स" किंवा "ऑनर्स" च्या रकान्यात.

शिफारसपत्रातही असंच. सरांनी लिहिलंय "हर स्कॉलरशिप इज एक्सलंट", म्हणजे तिचं अभ्यासाचं काम उत्तम आहे. शिष्यवृत्ती उत्कृष्ट आहे असं नाही.

स्कॉलर नावाचा माणूस

हा शब्द तर आपल्याला फारच फसवतो. मराठीत "तो एकदम स्कॉलर आहे रे" म्हणजे वर्गात पहिला येणारा, मार्क पाडणारा. इंग्रजीत स्कॉलर म्हणजे बहुतेक वेळा मोठा माणूस, ज्याने एखाद्या विषयाला आयुष्य दिलंय, संस्कृत स्कॉलर, लीगल स्कॉलर. आठवीतल्या मुलाबद्दल इंग्रजीत "माय सन इज अ स्कॉलर" लिहिलं तर समोरचा विचारेल कुठल्या विषयात. आपल्याला म्हणायचं असतं टॉपर किंवा हुशार विद्यार्थी, तर तसंच लिहावं.

दुसरा अर्थ म्हणजे अमुक एक स्कॉलरशिप मिळालेला माणूस, तिथे आधी नाव लागतं. र्‍होड्स स्कॉलर म्हणजे सेसिल र्‍होड्सच्या मृत्युपत्रातून (हा ब्रिटिश खाणमालक 1902 मध्ये वारला) सुरू झालेल्या स्कॉलरशिपवर ऑक्सफर्डला गेलेला माणूस (बायकांना ती 1977 पर्यंत मिळतच नव्हती). फुलब्राइट जरा वेगळं आहे, 1946 मध्ये अमेरिकेत सुरू झालेली योजना, सुरुवातीला युद्धातलं उरलेलं सामान विकून आलेल्या पैशावर चालली, आणि तिच्यात "स्टुडंट प्रोग्रॅम" वेगळा आणि "स्कॉलर प्रोग्रॅम" वेगळा. स्कॉलर प्रोग्रॅम प्राध्यापक, संशोधक, अनुभवी व्यावसायिक यांच्यासाठी आहे. पदवी संपवून पुढे शिकायला जाणाऱ्या मुलाने "मला स्कॉलरशिप हवीय म्हणजे स्कॉलर प्रोग्रॅम" असं समजून तिथली माहिती वाचत बसायचं नाही, त्याने स्टुडंट कडे जायचं. तसंच "व्हिजिटिंग स्कॉलर" म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात काही काळ काम करायला आलेला अभ्यासक, त्याला पैसे मिळतीलच असं त्या शब्दात कुठेही नाही, बरेचदा स्वतःचाच खर्च असतो.

इंग्लंडच्या फुटबॉलमध्येही स्कॉलर असतात, हे मला फार उशिरा कळलं. क्लबच्या अकॅडमीत सोळाव्या वर्षाच्या आसपास घेतलेली पोरं, दोनेक वर्षं खेळ आणि थोडं शिक्षण, त्यांना स्कॉलर म्हणतात. बातमीत "स्कॉलर साइन्स फर्स्ट प्रोफेशनल कॉन्ट्रॅक्ट" असं असलं तर कुणी विद्वान मैदानात उतरलेले नाहीत.

आणि गूगल स्कॉलर. 2004 पासून आहे, शोधनिबंध शोधायची जागा. माझ्या भाच्याने तिथे तासभर स्कॉलरशिपचे फॉर्म शोधले, आणि सापडले काय तर स्कॉलरशिपचा विद्यार्थ्यांवर काय परिणाम होतो यावरचे निबंध.

विशेषणांचं पटकन सांगते. "स्कॉलर्ली" मध्ये पैशाचा अर्थ अजिबात नाही, स्कॉलर्ली आर्टिकल म्हणजे अभ्यासपूर्ण लेख, संदर्भ वगैरे असलेला. "स्कोलॅस्टिक" म्हणजे शाळेचं, शिक्षणासंबंधीचं, आणि तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात आलं तर मध्ययुगीन युरोपातला एक विचारसंप्रदाय.

पैशाचेच पण वेगळे शब्द

पहिला अर्थ आपल्याला माहीत आहे म्हटलं खरं, पण त्याच्या भाऊबंदांमध्ये लोक फार गोंधळ घालतात. स्कॉलरशिप बहुधा गुणवत्ता बघून नाहीतर गुणवत्ता आणि गरज दोन्ही बघून. ग्रँट हा शब्द अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या बाबतीत बहुतेक गरज बघून दिलेल्या मदतीला वापरतात, संशोधकांच्या बाबतीत मात्र ग्रँट म्हणजे प्रकल्पाला दिलेलं अनुदान, तिथे गरजूपणाचा संबंध नाही. बर्सरी हा ब्रिटिश वळणाचा शब्द, लॅटिनमधल्या पिशवीवरून आलेला, जास्त करून गरजेवर. फेलोशिप पदवीनंतरच्या किंवा संशोधनाच्या टप्प्यावर, मराठीत अधिछात्रवृत्ती. फेलो हा शब्द मूळ जुन्या नॉर्स म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतला, पैसे एकत्र टाकून भागीदारी करणारा तो फेलो, म्हणजे त्याचा पैशाशी संबंध स्कॉलरपेक्षा जुना आहे बहुतेक. स्टायपेंड म्हणजे ठरावीक काळाने हातात पडणारी रक्कम, विद्यावेतन, रोमन सैनिकांच्या पगाराचा शब्द होता तो. असिस्टंटशिप म्हणजे काम करून मिळणारे पैसे, वर्ग घ्यायचे किंवा प्रयोगशाळेत राबायचं, म्हणून तिला स्कॉलरशिप म्हणणं मला पटत नाही. लोन तर लोनच, परत फेडायचं, कितीही गोड शब्दात "फायनान्शियल एड पॅकेज" मध्ये घालून दिलं तरी. त्या पॅकेजचं पत्र आलं की एकेक ओळ वेगळी वाचा, त्यात स्कॉलरशिप, ग्रँट, लोन आणि कामाचे पैसे सगळं एकाच बेरजेत दाखवलेलं असू शकतं आणि घरचे लोक बेरीज बघून पेढे वाटतात.

"फुल ट्युईशन" आणि "फुल राइड" यातला फरक तर लाखमोलाचा आहे. फुल ट्युईशन म्हणजे फक्त शिकवणीची फी माफ, राहणं जेवण पुस्तकं तुमच्या खिशातून. फुल राइड म्हणजे तेही सगळं. नुसतं "फुल स्कॉलरशिप" लिहिलं असेल तर त्यात काय काय धरलंय हे विचारल्याशिवाय हो म्हणू नका. "रिन्यूएबल" लिहिलं असेल तर दरवर्षी मिळू शकते पण अटीवर, किती मार्क टिकवायचे ते वाचा, आणि ते लिहिलेलं नसेल तर एकदाच मिळणार असं धरून चाला. बाहेरच्या संस्थेची स्कॉलरशिप मिळाली म्हणून कॉलेज स्वतःची मदत तेवढी कमी करतं असंही अमेरिकेत होतं, त्याला डिस्प्लेसमेंट म्हणतात, आधी विचारून ठेवलेलं बरं. आयव्ही लीगची, म्हणजे हार्वर्ड, येल वगैरे अमेरिकेतली आठ जुनी नामांकित विद्यापीठं गुणवत्तेवर किंवा खेळावर स्कॉलरशिप देतच नाहीत, फक्त गरजेवर मदत देतात, त्यामुळे कुणी तिथली खेळाची स्कॉलरशिप मिळवून देतो म्हणाला तर तिथूनच उठा. आणि पैसे मिळण्यासाठी आधी पैसे भरा म्हणणाराही त्यातलाच.

आपण लिहिताना एवढं सांभाळा. इंग्रजी मेलमध्ये "आय गॉट स्कॉलरशिप" असं "अ" खाऊन लिहायची आपली सवय आहे, कारण मराठीत तो लागत नाही, पण आता तुम्हाला कळलंच असेल की त्या एका अक्षरावर केवढं लटकलंय. मराठीत स्कॉलरशिप स्त्रीलिंगी, ती मिळते, लागते, खात्यात जमा होते, आणि "स्कॉलरशिपला बसणे" म्हणजे तिच्या परीक्षेला बसणे. शिष्यवृत्ती मध्ये त ला त जोडलेला आहे, "शिष्यवृती" नव्हे, तसंच विद्वत्ता, "विद्वता" नव्हे. शिष्यवृत्तीला पुढे दुसरा शब्द जोडला की शेवटची वेलांटी ऱ्हस्व होते, शिष्यवृत्तिधारक. शिप की शीप यावर भांडण्यात अर्थ नाही, एका लेखात एकच ठेवा म्हणजे झालं.

जाता जाता सरावाला तीन वाक्यं देते. "शी लॉस्ट हर स्कॉलरशिप", तिची शिष्यवृत्ती गेली, विद्वत्ता गेली असं नाही, हे सोपं. "द बुक इज अ मॉन्युमेंट ऑफ स्कॉलरशिप", पुस्तक प्रचंड व्यासंगातून उभं राहिलंय, स्मारक वगैरे लिहू नका. आणि तिसरं, विद्यापीठाच्या साइटवर असतं, "कॉन्टॅक्ट द स्कॉलरशिप कमिटी". हे मलाही नुसतं वाचून सांगता येत नाही, शिष्यवृत्त्या वाटणारी समिती असू शकते आणि प्राध्यापकांचं संशोधन बघणारी पण असू शकते, "द" आहे, शब्दाला शब्द चिकटलाय, सगळ्या खुणा असून नसल्यासारख्या. मी अशा वेळी त्या पानावर कमिटीत कोण कोण आहे आणि त्यांचं काम काय लिहिलंय ते बघते, तरी कळलं नाही तर एक ओळीचा मेल टाकून विचारते की तुम्ही पैसे देता की पेपर वाचता.